शेऱ्याचा रकाना

आल्तिनोच्या चढावर ट्रक अडला
तेव्हा वेधशाळेच्या फणसाची एक फांदी तोडावी लागली.
मग उतरली सहा काळी कपाटं,
प्रत्येकावर 'उलटे ठेवू नये',
आणि एकावर कुणा हमालानं खडूनं काढलेला गणपती.

तुळशीदास मळीक जिन्याखाली उभे राहून मोजत होते.
एकोणतीस वर्षं त्यांनी तेच केलं.
सरकारी मलमल संपली की
घरच्या धोतराची पट्टी फाडून
ओल्या तापमापीला वात घातली.
दृश्यता ते गच्चीवरून ठरवत:
बेतीचे माड दिसले तर दीड किलोमीटर,
रेइश मागुश दिसला तर तीन,
आग्वादचा दिवा दिसला तर सात,
आणि काहीच नाही दिसलं
तर चष्मा पुसून पुन्हा एकदा.

आता खांबावरचं यंत्र
उजेडाची काडी फेकतं, किती विखुरली ते बघतं.
त्याला आग्वाद ठाऊक नाही.
आकडा मात्र बरोबर येतो.
मी दोन महिने ताडून पाहिला,
चूक सापडावी म्हणूनच, खरं तर.

पुण्याचा कुलथे नकाशा उघडून दाखवतो:
जुन्या जाळ्यात पणजी आणि म्हापसा
एकाच चौकोनात नांदत होती,
दोघींना एकच पाऊस वाढायचा.
आता पर्वरीलासुद्धा स्वतःचं घर.
पण इतक्या घरांना उद्याचं सांगायचं
तर यंत्राला कालचं खायला घालावं लागतं.
म्हणून मी तळघरात.

बावीस वह्या. कडा वाळवीनं वाचून संपवलेल्या.
शुवा म्हणजे पाऊस, व्हेंतु म्हणजे वारा,
एवढ्या पोर्तुगीजवर भागतं, बाकी आकडेच,
फक्त सातच्या पोटात आडवी रेघ.
जिथं नोंद नाही तिथं भरायचं
उणे नऊशे नव्याण्णव.

चौपन्न सालचा ऑक्टोबर. निरीक्षक: प्लासिदु.
वाऱ्याचे तीन दिवस कोरे.
समासात, मुंगीएवढ्या अक्षरात
(हे वाचायला शब्दकोश लागला):
यंत्र थांबलंय. पण माड हलताहेत.
दुसऱ्या दिवशी: अजून हलताहेत.
तिसऱ्या दिवशी नुसता एक ठिपका, शाई पसरलेला.
चौथ्यापासून अक्षर दुसऱ्याचं.

मी तीनदा उणे नऊशे नव्याण्णव भरलं.
शेवटी एक रकाना उरतो, शेरा, वीस अक्षरांचा.
'पण माड हलताहेत'
बोटांवर मोजलं. बसत होतं.
कुलथे म्हणाला, यंत्र शेरा वाचत नाही.
मग कोण वाचतं?
कोणीच नाही, म्हणाला. मग जरा थांबून,
अंदाज चुकला, की आम्ही.

त्या रात्री कपाटं सुरू झाली.
जनरेटर, पंखे, हिरव्या ठिणग्या,
आणि मे महिन्यात स्वेटर घालून बसलेले आम्ही तिघं.
अडीचच्या नोंदीला मळीक सवयीनं उठले,
टॉर्च घेऊन गच्चीवर गेले.
खाली मांडवीत कॅसिनोंचे दिवे चुबकत होते.
परत येऊन म्हणाले, "वारें बदल्लां."
पडद्यावर ते अकरा मिनिटांपूर्वीच आलं होतं.
मला वाटलं, आता यांना लागेल.
ते वाकून बघत राहिले,
शेजाऱ्याच्या पोराची पाटी बघावी तसे,
आणि टॉर्च खिळ्याला अडकवून
चहा ठेवायला गेले.

सकाळी साडेआठची नोंद आपोआप गेली.
माझ्या हाताला काम नव्हतं.
खिडकीतून फणस दिसला,
तोडलेल्या जागी चीक वाळत चाललेला,
आणि त्या फटीतून थेट
वारामापकाच्या वाट्या, पहिल्यांदाच इतक्या मोकळ्या.
आजपासून वाऱ्याचा आकडा किंचित चढा येईल.
पन्नास वर्षांनी कुणी म्हणेल, हवा बदलली होती इथली.

मी रकाना उघडला.
तारीख घातली, वेळ घातली,
बोटांवर मोजलं, आणि लिहिलं:
फणसाची फांदी तोडली.